एकाच संगणकात विंडोज आणि लिनक्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीची एसएसडी आणि विंडोज ११ आहे. विंडोज ठेवून लिनक्स टाकायचे आहे, कामासाठी आणि गेमसाठीही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : आत एम.२ एसएसडीसाठी दुसरी जागा आहे का, ते लॅपटॉपच्या पुस्तिकेत आधी पाहा. असेल तर लिनक्ससाठी वेगळी एसएसडी बसवा; आमचा आग्रह याच मार्गाचा आहे. दोन्ही बूटलोडर (संगणक सुरू होताना विंडोज किंवा लिनक्स उघडणारे छोटे प्रोग्राम) आपापल्या डिस्कवर राहतात आणि एकाची दुरुस्ती करताना दुसऱ्याला धक्का लागत नाही. इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क शक्यतो काढूनच ठेवा. तुम्ही दुसरी डिस्क निवडली तरी काही इन्स्टॉलर बूटलोडर पहिल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्ये (सुरुवातीच्या फायलींसाठी राखलेल्या भागात) टाकून मोकळे होतात. मग कधी ती डिस्क काढली की लिनक्स सुरूच होत नाही.

एकाच डिस्कवर भागवायचे असेल तर कामांचा क्रम महत्त्वाचा. महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यानंतर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट, करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन अनेकदा आपण न सांगताच चालू झालेले असते, आणि बूटच्या सेटिंगला हात लागला की विंडोज ही की मागते. नसेल तर डेटा गेला.

पुढे कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना ‘शट डाउन’ केलेले विंडोज पुरते बंद होत नाही. अर्धे हायबरनेट होते (चालू स्थिती डिस्कवर जपून ठेवते) आणि विंडोजचे एनटीएफएस पार्टिशन वापरात असल्याच्या स्थितीतच राहते. लिनक्समधून त्यावर काही लिहिले तर फायली खराब होऊ शकतात, म्हणून लिनक्स बहुधा ते फक्त वाचण्यापुरतेच उघडते.

आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘श्रिंक व्हॉल्यूम’. इथे बरेच जण अडतात : २५० जीबी मोकळी दिसते, पण विंडोज २०-३० जीबीच सोडते. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती या हलवता न येणाऱ्या गोष्टी मध्येच कुठेतरी बसलेल्या असतात. तिन्ही तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा आणि पुन्हा चालू करा. सुटलेली जागा फॉरमॅट न करता तशीच ठेवा. एकेक मोठा गेम १०० जीबीच्या वर जातो, तेव्हा लिनक्ससाठी किमान १५० जीबी धरा.

प्रश्न : लिनक्सच्या इन्स्टॉलरला माझी एसएसडी दिसतच नाही.

उत्तर : इंटेल प्रोसेसर असेल तर बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) ‘आरएसटी’ किंवा ‘व्हीएमडी’ या डिस्क हाताळण्याच्या इंटेलच्या पद्धती चालू आहेत का पाहा. त्या बंद करून एएचसीआय ही सर्वसाधारण पद्धत निवडावी लागते, पण थेट बदललेत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल, कारण नव्या पद्धतीचा ड्रायव्हर त्याने सुरुवातीला लोड केलेला नसतो. आधी बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. ‘एमएसकॉन्फिग’च्या बूट टॅबमध्ये ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून बायोसमध्ये बदल करा आणि विंडोज एकदा सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. त्यातच ड्रायव्हर लागतो. मग खूण काढून रीस्टार्ट करा. खात्याचा पासवर्ड हाताशी असू द्या. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असे नाही.

प्रश्न : स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेले गेम विंडोजच्या डी ड्राइव्हवर आहेत. तेच लिनक्समधून चालवता येतील का?

उत्तर : तसे करू नका. स्टीमचा प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारे साधन) प्रत्येक गेमसाठी स्वतंत्र खोटा सी ड्राइव्ह तयार करतो. त्यात ज्या नावांचे दुवे असतात त्यांत अपूर्णविरामाचे (:) चिन्ह येते, आणि विंडोजला ते फाइलच्या नावात चालत नाही. परिणामी गेम उघडत नाही, किंवा पुढे विंडोज डिस्क तपासताना त्या नोंदींना चुका समजते. लिनक्सच्या स्वतःच्या, ईएक्सटी४ प्रकारच्या पार्टिशनवर नवी स्टीम लायब्ररी करा, गेमचा फोल्डर तिच्या ‘स्टीमॲप्स’मधल्या ‘कॉमन’मध्ये कॉपी करा आणि मग इन्स्टॉल दाबा. स्टीम असलेल्या फायली तपासते आणि उरलेल्याच डाउनलोड करते.

प्रोटॉन २०१८ मध्ये आला. विंडोजच्या डायरेक्टएक्स या ग्राफिक्स प्रणालीच्या आज्ञा तो लिनक्सवर चालणाऱ्या व्हल्कनमध्ये बदलतो, आणि एकट्याने खेळायचे बहुतेक गेम त्यावर चांगले चालतात. खरी अडचण ऑनलाइन गेममधल्या अँटी-चीटची, म्हणजे लबाडी पकडणाऱ्या प्रोग्रामची, आहे. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांना प्रोटॉनवर चालता येते, पण गेमच्या निर्मात्याने तशी परवानगी चालू करावी लागते. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट लिनक्सवर चालत नाहीत. एपेक्स लेजंड्स चालत असे, २०२४ मध्ये त्याने लिनक्सचे दार बंद केले. तेव्हा तुमचा रोजचा गेम कोणता, हे आधी ठरवा आणि प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर त्याची ताजी स्थिती पाहा. असा एक जरी गेम असेल तर विंडोज काढू नका. अँटी-चीट चुकवायच्या युक्त्यांनी खाते कायमचे बंद होऊ शकते.

प्रश्न : एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकला, तरी गेम रखडतात.

उत्तर : ड्रायव्हर लोडच झाला नसण्याची शक्यता मोठी. सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे प्रोग्राम चालू देणारी सोय) चालू असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फक्त डिजिटल सही असलेले मॉड्यूल (ड्रायव्हरसारखे जोडभाग) घेते. म्हणून ड्रायव्हर टाकताना उबंटूसारखे इन्स्टॉलर एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या रीस्टार्टला निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ (सहीची की नोंदवा) हा पर्याय येतो. तो निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो, त्यामुळे हातून निसटतो. तसे झाले असेल तर की नोंदवायची क्रिया पुन्हा करा. सिक्युअर बूट बंद करण्याचा सोपा सल्ला सर्रास दिला जातो; आम्ही तो देणार नाही, कारण विंडोज ११ वर व्हॅलोरंटसारख्या गेमना ते चालूच लागते.

प्रश्न : एक्सेलचे मॅक्रो आणि फोटोशॉप यांचे काय?

उत्तर : साधे तक्ते लिबरऑफिस सांभाळते, गुंतागुंतीचे मॅक्रो मात्र अडखळतात. त्यांच्यासाठी व्हर्च्युअल मशीनमध्ये (लिनक्सच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात) विंडोज ठेवा. संगणकात १६ जीबी रॅम असेल तर मशीनला ८ जीबी, प्रोसेसरचे ४ कोअर आणि ६४ जीबीहून थोडी जास्त डिस्क द्या. विंडोज ११ साठी यूईएफआय (बायोसचे नवे रूप) आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हे दोन्ही मशीनच्या सेटिंगमध्ये चालू करा. बायोसमध्ये व्हर्च्युअल मशीन चालवण्याची प्रोसेसरची सोय (इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीचे एसव्हीएम) बंद असेल तर मशीन सुरूच होणार नाही. ग्राफिक्स कार्डाची पूरी ताकद आत पोहोचत नाही, त्यामुळे फोटोशॉपचे जड काम आणि गेम यांसाठी रीस्टार्ट करून खऱ्या विंडोजमध्येच जा.

प्रश्न : लिनक्स वापरून आलो की विंडोजचे घड्याळ चुकलेले असते.

उत्तर : मदरबोर्डवरचे घड्याळ विंडोज स्थानिक वेळ धरून वाचते, लिनक्स यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरून. लिनक्समध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ या आज्ञेने स्थानिक वेळ निवडता येते, किंवा विंडोजच्या रजिस्ट्रीत ‘रिअलटाइमइजयुनिव्हर्सल’ ही नोंद करून तिची किंमत १ ठेवता येते. दोन्हींपैकी एकच करा. दोन्ही केलेत तर वेळ उलट्या बाजूने चुकेल.