नोतो एका दिवसात पायी पाहताना

सिसिलीतील नोतो पायी पाहायचे असेल, तर सिराक्यूजहून सकाळी लवकर निघावे आणि पोर्ता रेआले या कमानीपासून सुरुवात करावी. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपात जुने नोतो उद्ध्वस्त झाल्यावर हे शहर दुसऱ्या जागी, डोंगरउतारावर नव्याने आखून बांधले गेले; म्हणूनच मुख्य रस्ता बराचसा सपाट असला, तरी त्याला छेदणाऱ्या गल्ल्या चढाच्या आणि पायऱ्यांच्या आहेत. कॅथेड्रलचा घुमट १९९६ मध्ये कोसळला होता आणि २००७ मध्ये ते पुन्हा खुले झाले, हे ठाऊक असले की आतला नवेपणा खटकत नाही.

‘पालाझ्झो निकोलाची’ या वाड्याच्या सज्ज्यांखाली मात्र मुळीच घाई करू नका. त्यांना तोलणाऱ्या दगडी आधारांवर कुठे सिंह, कुठे घोडे, कुठे मत्स्यकन्या कोरलेल्या असून, माझ्या मते शहरातले सर्वांत जिवंत काम हेच आहे. दुपारी अनेक चर्च बंद असतात, तेव्हा जेवण आणि विश्रांती उरकून घ्यावी. उन्हे कलल्यावर चुनखडीच्या भिंती मधासारख्या दिसू लागतात, त्यामुळे मुख्य रस्त्यावरून दुसरी फेरी अवश्य मारावी. परतीच्या बसची वेळ मात्र सकाळीच पाहून ठेवावी.