वेबसाइटच्या बॅकग्राउंडला पॅटर्न लावला की जोडाच्या रेघा दिसतात. काय करू?

टाइल, म्हणजे पॅटर्नसाठी पुन्हा पुन्हा लागणारं चित्र, अर्ध्याने सरकवा. 512 पिक्सेलची असेल तर फोटोशॉपच्या ऑफसेट फिल्टरमध्ये आडवे-उभे 256 टाका आणि रॅप अराउंड (एका कडेबाहेर गेलेला भाग समोरच्या कडेने आत येतो) निवडा. कडा मधोमध येतात, जोडाची फुली समोर दिसते. ती क्लोन स्टॅम्पने, म्हणजे चित्राचाच दुसरा भाग उचलून वर रंगवणाऱ्या ब्रशने, पुसा. मग पुन्हा ऑफसेट करून बघा, कारण पुसताना ब्रश कडेला गेला तर नवी रेघ तयार होते! गिम्प या फोटो एडिटरमध्येही ऑफसेट आहे. क्रिटा या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तर रॅप अराउंड मोड चालू करून थेट जोडातूनच रंगवता येतं, मला तेच आवडतं.

एवढं करूनही चौकटी दिसल्या तर दोष बहुधा उजेडाचा. फोटोचा एक कोपरा जरासा गडद असला तरी पानभर बुद्धिबळाचा पट उमटतो. आधी उजेड सारखा करा.

सीएसएसमध्ये (वेबपानाचं रूप ठरवणारी भाषा) बॅकग्राउंडची टाइल आपोआपच रिपीट होते.