कापू नकोस

अगं,

तुझा मेल तीनदा वाचला. मामाच्या गराजमधून ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या शोंच्या 112 कॅसेट हाती लागल्या आणि तू विचारतेस काय, तर ‘काका, चांगले तुकडे तेवढे काढून मित्रांना पाठवू का? पूर्ण कोण ऐकणार?’ वर टाळ्या-शिट्ट्या पुसणाऱ्या सॉफ्टवेअरची चौकशी. या टेप विकायच्या नसतात हे तुला सांगावं लागलं नाही, तेवढं बरं वाटलं. पण कापू नकोस.

1977 च्या 8 मे ची कॉर्नेल विद्यापीठातल्या शोची रात्र घे. ‘स्कार्लेट बिगोनियाज’मधून बँड ‘फायर ऑन द माउंटन’मध्ये शिरतो. वेस कधी ओलांडली ते कळतच नाही. पहिलं गाणं संपलंय की अजून दारात रेंगाळतंय, यावर आम्ही रात्र-रात्र भांडलोय. तू कात्री नेमकी कुठे लावणार?

ती टेप बँडची रेकॉर्डिंग इंजिनिअर बेटी कँटर-जॅक्सनची. तिने केलेल्या रेकॉर्डिंगचा मोठा साठा, गोदामाचं भाडं थकलं म्हणून, 1986 मध्ये लिलावात गेला. घेणाऱ्यांतल्या काहींनी आणि त्यांच्याकडून कॉप्या मिळवणाऱ्यांनी तो हातोहात पसरवला. बँडने अधिकृत अल्बम काढला थेट 2017 मध्ये. त्याआधीच, 2011 च्या यादीत, लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती रात्र देशाचा ठेवा म्हणून नोंदवली होती. हे कुणाच्या जिवावर झालं? कोऱ्या कॅसेट आणि परतीचं टपाल पाठवून अनोळखी माणसाकडे अख्खा शो मागणाऱ्यांच्या.

माझ्या वेळी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, शो टेप करणाऱ्या चाहत्यांना साउंडबोर्डच्या, म्हणजे आवाज जुळवणाऱ्या टेबलाच्या, मागे वेगळी जागा मिळू लागली होती. तिथे माइकच्या उंच काठ्यांचं रान असायचं. खाली पाय दुमडून बसलेली माणसं डोळे मीटर्सवर लावून, कारण मॅक्सेलच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते आणि बँड काही तुझ्यासाठी थांबत नाही. पालटण्यात गेलेल्या त्या काही सेकंदांची हळहळ लोक वर्षानुवर्षं करायचे. आणि तू आपणहून कापायला निघालीस!

आता माझं सांगतो. लाज वाटते, तरी सांगतो.

हार्टफर्डचा शो, मार्च 1987. आमच्या विभागातल्या एका सीनियरने स्वतः केलेली टेप मला दोन दिवसांसाठी दिली. दुसरा सेट आणि एन्कोर, म्हणजे शेवटचं जादा वाजवणं, मिळून नव्वद मिनिटांत बसेना. मी काय केलं, मधला ड्रम्सचा भाग सुरू होताच पॉजचं बटण दाबलं आणि गाणं परत आल्यावर सोडलं. वीसेक मिनिटं गेली. ‘नुसती बडवाबडवी’, असं म्हणालो होतो. शिवाजी पार्कात वाढलेला मी, वडील तबल्यासाठी रेडिओला कान लावून बसणारे! आणि ती बडवाबडवी करणाऱ्या दोघांतला मिकी हार्ट उस्ताद अल्लारखांकडे लयीचे धडे घेतलेला. बँडचं ‘द इलेव्हन’ हे गाणंच अकरा मात्रांचं आहे. झाकीरभाईंबरोबर त्याने 1976 मध्ये दिगा ऱ्हिदम बँडचा अल्बम काढला. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी ऐकलंच नाही, कापलं.

असिस्टंटशिपच्या पैशात दुसरी कॅसेट परवडत नव्हती, हे खरं. त्या वेळी सगळेच असं करायचे, हेही थोडं खरं. पण ती कापलेली कॉपी मी पाच जणांना दिली, हे त्याहून खरं. पुढच्या हिवाळ्यात पाइप फुटून सीनियरच्या तळघरात पाणी शिरलं आणि मूळ टेप गेली. त्या रात्रीच्या इतर टेप होत्या. त्याच्या जागेवरून, त्याच्या माइकने ऐकलेली ती एकच. त्याला मी कधी सांगितलं नाही. 1994 मध्ये ओरेगॉनच्या एका अनोळखी माणसाने मला एक टेप पाठवली, ‘दुर्मिळ आहे’ असं लिहून. हिस, म्हणजे टेपची खरखर, इतका वाढलेला, की पत्र्यावर पाऊस पडतोय. ड्रम्स सुरू झाले आणि ‘टक्’. माझंच बटण.

म्हणून म्हणतो, शिट्ट्या पुसू नकोस, दोन गाण्यांमधलं तारा जुळवणं उडवू नकोस, कुणी बाजूला मोठ्याने बोलत असेल तर बोलू दे. कंटाळा येतो म्हणतेस? येऊ दे ना! कंटाळ्यातूनच पुढे काहीतरी उघडतं. मित्रांना वेळ नसेल तर नको पाठवूस. मागेल त्याला अख्खं दे.

कामाचं एवढंच: प्रत्येक कॅसेटआधी डेकच्या हेडचा कोन जुळवून घे, नाहीतर वरचे स्वर मातीत जातील. फाइल फ्लॅकमध्ये ठेव, त्यात आवाजातलं काही गळत नाही; एमपी3 नको. कव्हरच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढ. टेप कुणाकडून आली, कितवी कॉपी, मामाने लिहिलं असेल तर ते जसंच्या तसं उतरव, स्पेलिंगच्या चुकांसकट.

आणि हार्टफर्ड ’87 लिहिलेली एखादी निघाली तर आधी तीच लाव. ड्रम्स सुरू झाल्यावर लगेच ‘टक्’ ऐकू आलं, तर मला फोन कर. कितीही वाजलेले असोत.

— काका