गॅरार्ड उघडण्याआधी

अरे,

तू पाठवलेले फोटो बघितले. गॅरार्डचा 301 आहे, तो जुना दणकट रेकॉर्ड प्लेयर, खरा आहे, आणि तुला मिळाला त्या भावात मिळाला याचा मला थोडा राग पण आला. आता लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन बसू नकोस. आधी पुली (मोटरच्या दांड्यावरची ती छोटी चकती) 50 हर्ट्झची, म्हणजे आपल्याकडच्या विजेसाठीची, आहे का विचार, कारण माझ्याकडे एकदा अमेरिकेहून आलेला पीस होता, मोटर चांगली, बेअरिंग चांगलं, तरी लताबाई रडल्यासारख्या वाटत होत्या, दोन दिवस मी मोटर खोलून बसलो आणि शेवटी मिनिटाला 33 ऐवजी जेमतेम 28 फेरे मोजले तेव्हा ट्यूब पेटली, पुली 60 हर्ट्झची, तिकडच्या विजेसाठीची होती. मग आयडलर बघ, पुलीची गती प्लॅटरला, म्हणजे रेकॉर्ड ठेवायच्या तबकडीला, देणारं ते रबराचं चाक. बोटाने फिरव, कुठे चपटं लागलं तर समज वर्षानुवर्षं दाबून ठेवलंय.

तू विचारलंस एवढं दणकट बनवणारे बुडाले कसे. जपानी आले म्हणून, असं सगळेच सांगतात. पण बघ, 1915 ला ब्रिटिश राजघराण्याच्या सराफांनी ही कंपनी काढली, पहिल्या महायुद्धात तोफखान्यासाठी रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायची यंत्रं, बनवले, मग इंग्लंडातल्या स्विंडनला ग्रामोफोनच्या चावीच्या मोटरी. 301 आला 1954 ला, नाव त्याने केलं, पण घर चालायचं रेडिओग्राममधल्या (रेडिओ आणि प्लेयर एकाच पेटीत) ऑटोचेंजरवर, म्हणजे आपोआप रेकॉर्ड बदलणाऱ्या प्लेयरवर. 1960 ला प्लेसी या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने ती घेतली. यांची सगळी हुशारी कशात, तर भरधाव मोटरची घरघर सुईपर्यंत पोचू नये यात, आणि 1970 च्या सुमारास जपानच्या टेक्निक्सवाल्यांनी ती भरधाव मोटरच काढून टाकली, सावकाश फिरणारी मोटर थेट प्लॅटरखाली, चाक नाही पट्टा नाही. गॅरार्डने 1971 ला काय आणलं, झिरो 100 नावाचा प्लेयर, सुईचा कोन नीट राहावा म्हणून आर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) अजून एक दांडा, अजून सांधे! कल्पना भारी होती हं, पण उत्तर चुकीच्या प्रश्नाचं. 1979 ला ब्राझीलच्या ग्रेडिएंटे कंपनीला विकून मोकळे. (आता ते नाव आपल्या पुण्याच्या अजय शिर्केंच्या केडन्स ग्रुपकडे आहे, कोणी सांगितलं असतं तर हसलो असतो.)

तुझं दुकान टाकायचं चाललंय ना, मग नुसते 301 रिस्टोअर करणार हे डोक्यातून काढ. महिन्याचं भाडं जुने चेंजर आणि बेल्टवाले साधे प्लेयर देतील, त्यांना नाक मुरडू नकोस. 301 मागे टेबलावर असू दे.

रविवारी घेऊन ये. प्लॅटर आधी काढ, टॉवेलमध्ये गुंडाळून वेगळा आण, रिक्षात तसाच आणलास तर बेअरिंगची वाट लागेल.