ट्रॅकिंग लावलंस, आता ते एकदाच लागलंय का बघ

साइटवर किती लोक येतात, काय करतात हे मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सचा आयडी टाकला म्हणजे झालं असं समजू नकोस, खरं काम तिथूनच सुरू होतं. सगळ्यात आधी त्याचा कोड साइटवर एकाच ठिकाणाहून लोड होतोय ना ते बघ, एकतर टॅग मॅनेजरमधून (असे कोड एका जागेवरून लावायचं गूगलचं टूल) नाहीतर प्लगिनमधून, दोन्हीकडून अजिबात नको. माझ्या एका क्लायंटच्या थीममध्ये जुना कोड पडून होता, वरून मी टॅग मॅनेजर लावला आणि तीन आठवडे प्रत्येक पेज व्ह्यू डबल मोजला गेला, आणि असे आकडे नंतर दुरुस्त होत नाहीत रे. म्हणून क्रोममध्ये एफ12 दाबून नेटवर्क टॅब उघड, ‘कलेक्ट’ (collect) असं फिल्टर लाव, पेज रिफ्रेश कर, पेज व्ह्यू एकदाच गेला पाहिजे. ॲड ब्लॉकर बंद ठेव, नाहीतर काहीच दिसणार नाही आणि उगाच डोकं धरून बसशील.

क्लिकचं म्हणशील तर बाहेरच्या साइटच्या लिंक, अगदी व्हॉट्सॲपचीसुद्धा, ॲनालिटिक्समधली एन्हान्स्ड मेजरमेंट ही सेटिंग आपोआप पकडते, पण फोन नंबरचं बटण नाही पकडत, त्याला ‘टेल’ने (tel:) सुरू होणाऱ्या यूआरएलचा ट्रिगर, म्हणजे टॅग कधी चालवायचा त्याची अट, टॅग मॅनेजरमध्ये स्वतः बनवावा लागतो. टॅग मॅनेजरच्या प्रिव्ह्यूमध्ये बटण दाबून टॅग फायर होतोय (चालतोय) का बघ, मग ॲनालिटिक्सच्या डीबगव्ह्यूत क्लिक पोचतोय का बघ, आणि टॅग मॅनेजरमधले बदल पब्लिश करायला विसरू नकोस, नवीन लोकांचं हमखास तिथेच राहतं. नेहमीच्या रिपोर्टमध्ये यायला 24 ते 48 तास लागू शकतात, तेवढा धीर धर.

आणि हो, ॲनालिटिक्समध्ये डेटा रिटेन्शन, म्हणजे तपशीलवार डेटा किती काळ साठवायचा ते, सुरुवातीला 2 महिन्यांवर असतं, ते आजच 14 वर कर.