फ्लायर बाजूला ठेवा, मिनिट्स उघडा

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत असतो, सिटिझन झाल्यावर काँग्रेसची, म्हणजे इथल्या संसदेची, ही माझी पहिलीच निवडणूक. मुलगा चौथीत आहे, पब्लिक स्कूलमध्ये, त्याला आयईपी आहे म्हणजे स्पीच थेरपी आणि वर्गात वेगळी मदत मिळते, त्यामुळे उमेदवारांचं शिक्षणाबद्दल मत काय हे माझ्यासाठी सगळ्यात आधी. हाउससाठी, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहासाठी, दोघं उभे आहेत, एक आत्ताचेच काँग्रेसमन आणि दुसऱ्या एक बाई, ज्या आधी स्कूल बोर्डावर होत्या. दोघांचेही फ्लायर येतात, दोन्हीवर मुलांसोबत फोटो आणि खाली "आपल्या शाळांसाठी खंबीर". नवरा म्हणतो सगळे सारखेच, पार्टी बघ आणि मत दे. मला ते पटत नाहीये. सरकारी रेकॉर्डवरून खरं काय ते शोधता येतं का? मी काही वकील नाही, मला जमेल का?
— एक आई

उत्तर : जमेल हो, नक्की जमेल, आणि तुम्ही हे विचारलंत याचाच मला खूप आनंद झाला. दोन-तीन संध्याकाळी द्याव्या लागतील एवढंच.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या, की काँग्रेसच्या हातात शाळेचं नेमकं काय असतं. शाळांचा बहुतेक पैसा राज्य आणि लोकल टॅक्समधून येतो, वॉशिंग्टनचा वाटा साधारण दहावा हिस्सा. पण तो दहावा हिस्सा जातो कुठे तर गरीब वस्तीतल्या शाळांना, तो टायटल वन, १९६५ च्या कायद्यातला, आणि तुमच्या मुलासारख्या मुलांना, तो आयडिया, म्हणजे स्पेशल एज्युकेशनचा केंद्रीय कायदा, ज्याची सुरुवात १९७५ च्या कायद्यापासून झाली. शिवाय कॉलेजची कर्जं, आणि खुद्द एज्युकेशन डिपार्टमेंट ठेवायचं की नाही हा प्रश्न, कारण ते १९७९ च्या कायद्याने झालंय. अभ्यासक्रम मात्र राज्याचा. ईएसएसए या शाळांबद्दलच्या २०१५ च्या केंद्रीय कायद्यात तर सरळ लिहिलंय की केंद्राने राज्यांवर स्टँडर्ड्स लादायचे नाहीत. म्हणजे काँग्रेसचा उमेदवार फ्लायरवर गणिताचा सिलॅबस बदलायचं म्हणत असेल तर ते त्याच्या कामातच बसत नाही, तिथे वेळ घालवू नका.

आता काँग्रेसमन. काँग्रेस डॉट गव्ह उघडा, त्यांचं नाव टाका, त्यांनी आणलेली आणि ज्यांवर को-स्पॉन्सर, म्हणजे पाठिंबा देणारे, म्हणून सही केली ती सगळी बिलं येतात, बाजूला विषय निवडायची सोय आहे तिथे एज्युकेशन घ्या. तुमच्यासाठी मी तर पहिल्यांदा एकच बघेन. आयडियाच्या कायद्यात असं ठरलं होतं की स्पेशल एज्युकेशनच्या जादा खर्चासाठी केंद्र देशातल्या दर विद्यार्थ्यामागच्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देईल, आणि ते ४० टक्के आजपर्यंत एकदाही पूर्ण मिळालेले नाहीत, उरलेला भार राज्यावर आणि तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टवर पडतो. ते पूर्ण द्या असं सांगणारं आयडिया फुल फंडिंग अ‍ॅक्ट नावाचं बिल पुन्हापुन्हा येतं, दोन्ही पार्ट्यांचे लोक त्यावर सह्या करतात. तुमच्या माणसाची सही आहे का? आणि कधीची आहे? को-स्पॉन्सरच्या नावापुढे तारीख असते, बिल आलं त्याच दिवशीची सही वेगळी आणि निवडणुकीच्या दोन महिने आधीची वेगळी.

मग मतं. हाउसच्या क्लार्कच्या साइटवर प्रत्येक रोल कॉल, म्हणजे कोणी काय मत दिलं ते, नावानिशी असतो. इथे लोक एक चूक करतात, फक्त शेवटचं मत बघतात. शेवटच्या मताला पार्टीचा दबाव असतो, तिथे बहुतेक सगळे ओळीत उभे राहतात, माणूस कळतो तो अमेंडमेंटवर, म्हणजे बिलात सुचवलेल्या बदलावर. उदाहरण देते, मार्च २०२३ मध्ये हाउसमध्ये पेरेंट्स बिल ऑफ राइट्स, म्हणजे पालकांच्या हक्कांचं बिल आलं, एच आर ५, ते २१३ विरुद्ध २०८ असं जवळजवळ पार्टीच्या रेषेवरच पास झालं. पण त्याच बिलावर एक अमेंडमेंट होती, की शाळांचे कार्यक्रम चालवायचा एज्युकेशन डिपार्टमेंटचा अधिकारच संपवावा असं काँग्रेसचं मत नोंदवा. ती १६१ विरुद्ध २६५ अशी पडली. म्हणजे ज्यांनी बिलाला हो म्हटलं त्यातले बरेच इथे नाही म्हणाले! या दोन याद्या शेजारी ठेवल्या की जे कळतं ते शंभर फ्लायर वाचून कळत नाही.

उलट मोठ्या बिलांपाशी जपून. जुलै २०२५ चं टॅक्सचं प्रचंड बिल २१८ विरुद्ध २१४ ने पास झालं, त्यात खासगी शाळांच्या स्कॉलरशिपसाठी देणगी देणाऱ्यांना १,७०० डॉलरपर्यंत टॅक्स क्रेडिट आहे, २०२७ पासून. पण त्याच बिलात मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्यविमा, होतं, इन्कम टॅक्स होता, काय नव्हतं. त्याला हो म्हटलं म्हणून माणूस व्हाउचरवाला, म्हणजे खासगी शाळांच्या फीसाठी सरकारी पैसा द्या म्हणणारा, आणि नाही म्हटलं म्हणून विरोधक असं लगेच ठरवू नका, त्याआधी त्या माणसाने तशा नुसत्या बिलावर सही केली होती का ते शोधा. आणि पुष्कळ गोष्टी व्हॉइस व्होटने, म्हणजे नुसत्या तोंडी हो-नाहीने, होतात, तिथे कोणाचंच नाव लागत नाही, त्यामुळे नाव सापडलं नाही म्हणजे गैरहजर असं समजू नका. काँग्रेशनल रेकॉर्ड या काँग्रेसच्या कामकाजाच्या छापील नोंदीतली भाषणंही वाचा, फक्त एक्स्टेन्शन्स ऑफ रिमार्क्स या भागात न बोललेलं, नुसतं छापायला दिलेलं असतं. ते लेखी म्हणून धरा, सभागृहात उभं राहून बोलले असं नाही.

आता त्या बाई, आणि खरं सांगू का, मला हा भाग जास्त आवडतो. स्कूल बोर्डाच्या मीटिंग न्यू जर्सीत कायद्याने उघड्या असतात आणि त्यांचे मिनिट्स, म्हणजे बैठकीत काय झालं त्याची लेखी नोंद, बहुतेक स्कूल डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतात. नसतील तर ओपन पब्लिक रेकॉर्ड्स अ‍ॅक्ट, ज्याला सगळे ओप्रा म्हणतात, त्याखाली डिस्ट्रिक्टच्या रेकॉर्ड्स कस्टोडियनकडे अर्ज टाका, साधारणपणे कामाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात "बाईंबद्दलचं सगळं" असं लिहू नका, तो परत येईल, अमुक महिना ते तमुक महिना रेग्युलर मीटिंगचे मिनिट्स असं नेमकं लिहा.

मी एकदा आमच्या इथल्या एका उमेदवाराचे असे चार वर्षांचे मिनिट्स वाचले होते, मुलं झोपल्यावर, रोज थोडे. बहुतेक पानं म्हणजे छताची दुरुस्ती, बसचं कॉन्ट्रॅक्ट, कोणाची रजा मंजूर. आणि मग एका मार्च महिन्याच्या बजेटमध्ये एक ओळ, स्पेशल एज्युकेशनच्या क्लासरूम एड्सचे, म्हणजे वर्गातल्या मदतनीसांचे, तास कमी करायचे. मोशन, सेकंड, आणि खाली नावं, पाच हो, तीन नाही, आणि कोणतंच मत न देणारा एक अ‍ॅबस्टेन. अ‍ॅबस्टेन आमचा उमेदवार. मला इतका राग आला की मी तिथेच मनात त्याला बाद केलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ लावला तर कळलं की त्याची सख्खी बहीण तिथेच एड होती, त्याला मत देताच येत नव्हतं, आणि त्याआधीच्या मीटिंगमध्ये, म्हणजे विषय नुसता चर्चेला होता तेव्हा बहिणीचं सांगून तो गप्प बसला होता. मी किती मोठा अन्याय करणार होते! म्हणून सांगते, मिनिट्समध्ये मत कळतं पण कारण कळत नाही, रेकॉर्डिंग असेल तर तेवढी दहा मिनिटं ऐकाच.

बाईंच्या बाबतीत बजेटचे महिने आधी काढा, मग आयईपी, एड्स, आउट ऑफ डिस्ट्रिक्ट प्लेसमेंट (म्हणजे मुलाला डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवणं) हे शब्द सर्च करा. आणि काँग्रेसमनची एक सही, बाईंचं एक मत असं कागदावर तारखेसकट लिहून उमेदवारांच्या टाउन हॉलला, म्हणजे लोकांशी खुल्या सभेला, जा. "तुमचं शिक्षणाबद्दल मत काय" असं विचारलंत तर फ्लायरच ऐकायला मिळेल, "या तारखेला तुम्ही यावर नाही म्हणालात, का?" असं विचारा. नवऱ्यालाही न्या सोबत.

प्रश्न : ताई, मी टेक्सासमध्ये असतो. आमच्या डिस्ट्रिक्टचा एक उमेदवार कधीच कुठल्या पदावर नव्हता, बिझनेसमन आहे, म्हणजे रेकॉर्ड शून्य. पण एफईसीच्या, म्हणजे केंद्रीय निवडणूक आयोगाच्या, साइटवर त्याला कोणी पैसे दिले ते दिसतंय. त्यावरून व्हाउचरबद्दल त्याचं मत काढता येईल का?
— एक वाचक

उत्तर : थोडंफार, पण पुरावा म्हणून नाही. एफईसीकडे एका इलेक्शन सायकलमध्ये मिळून २०० डॉलरच्या वर देणाऱ्या प्रत्येकाचं नाव, व्यवसाय आणि एम्प्लॉयर असतं. शिक्षकांच्या युनियनच्या पॅकने (म्हणजे राजकीय देणग्या गोळा करून देणाऱ्या समितीने) दिले की व्हाउचरवाल्या पॅकने, यावरून त्याच्याकडून कोणाला आशा आहे हे कळतं, तो काय करेल हे नाही. व्यक्तींच्या नावात तर फार शिरू नका, शाळेतली एखादी टीचर स्वतःच्या पगारातून देते ती युनियन नसते. आणि ती नावंपत्ते घेऊन कोणाकडे देणगी मागणं किंवा धंद्यासाठी वापरणं कायद्याने बंद आहे.

त्यापेक्षा उलटं करून बघा, त्याने स्वतः आधी कोणाला पैसे दिले? त्याच साइटवर डोनर म्हणून त्याचंच नाव टाका, आणि राज्यातल्या उमेदवारांना दिलेलं टेक्सास एथिक्स कमिशनकडे बघा. तुमच्याकडे व्हाउचरचा कायदा २०२५ साली झाला तो ऑस्टिनमध्ये, म्हणजे राज्याच्या राजधानीत, त्यामुळे त्या भांडणात तो कोणाच्या बाजूने पैसे टाकत होता हे तिकडच्याच रेकॉर्डमध्ये सापडेल. त्या बिलाच्या कमिटी हिअरिंगला कोण हो म्हणायला आणि कोण नाही म्हणायला आलं त्यांच्या नावांची विटनेस लिस्टही असते, त्यात त्याचं किंवा त्याच्या कंपनीचं नाव आहे का बघा. सापडलं तर मला कळवा.