उद्यानाचं आरक्षण आहे म्हणून निर्धास्त राहू नका, आम्ही राहिलो होतो

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं सगळं पुन्हा वर आलं. खासगी मालकीची जुनी वाडी, मधे बारव म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, कडेला कुणा सरदाराची छत्री, आंबे-चिंचांची मोठी झाडं. वारस विकायला निघालेत, तुम्ही तीन हजार सह्या जमवल्यात, आणि शेवटी तुमची ती ओळ : विकास आराखड्यात उद्यानाचं आरक्षण आहे, त्यामुळे तशी काळजी नाही. हेच वाक्य मी एका सभेत माइकवर बोललोय. टाळ्याही पडल्या होत्या.

सह्या, मानवी साखळी, पेपरात फोटो हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतंय. मिळकत पत्रिका, सातबारा, आराखड्याचा भाग नकाशा हेही काढलं असेलच. त्यावर बोलत नाही. मला फक्त तारखेबद्दल बोलायचंय.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बँकेत नोकरी केली, आता निवृत्त. खाली कायद्याचं जे लिहितोय ते महाराष्ट्रापुरतं आहे आणि ठेच लागल्यावर शिकलेलं आहे. नगररचनेची कामं करणारा वकील गाठा आणि त्याच्याकडून खात्री करून घ्या.

आरक्षण पडलं म्हणजे जागा गावाची झाली असं नसतं. जागा वारसांचीच राहते. 'ही आम्ही कधीतरी घेणार आहोत' एवढंच पालिकेने नकाशावर रंगवून ठेवलेलं असतं. अंतिम आराखडा अमलात येऊन १० वर्षं उलटली आणि तोवर जागा घेतली नाही, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ खाली मालक नोटीस देऊ शकतो. घ्या, नाहीतर सोडा. नोटीस पोचली त्या दिवसापासून मुदत मोजायची. पूर्वी ती ६ महिन्यांची होती, २००९ मध्ये १२ झाली, २०१५ च्या दुरुस्तीने २४. तेवढ्यात जागा घेतली नाही किंवा संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. हा शब्द मी साठीला आल्यावर शिकलो, आणि नको त्या कागदावर वाचून शिकलो.

आमच्या वेळी मुदत १२ महिन्यांची होती. माझी चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती एकट्या माझी होती, समितीची नव्हे. सह्यांच्या मोहिमेच्या दिवसांत मी वारसांपैकी थोरल्या काकांकडे गेलो होतो. त्यांनी ओसरीवर बसवलं, चहा दिला, आणि शांतपणे म्हणाले, "आम्ही पालिकेला नोटीस दिलीय. घेत असतील तर घेऊ देत, आमची ना नाही." मला ती धमकी वाटली. कसली नोटीस, कधी दिली, प्रत दाखवता का, यातलं एकही मी विचारलं नाही. तिरीमिरीत घरी आलो आणि 'वारसांना इतिहासाची चाड नाही' असं पत्र पेपरला पाठवलं. ते छापून आलं. काकांनी पुन्हा दार उघडलं नाही. आयुष्यभर लोकांच्या ठेवींच्या मुदती सांभाळणाऱ्या माणसाने एक तारीख विचारू नये, याला काय म्हणायचं?

मग कार्यालय. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. मी दर महिन्याला जायचो आणि दर वेळी एकच उत्तर मिळायचं, "प्रस्ताव वर गेलाय." मी समाधानाने परत यायचो. प्रस्ताव खरंच गेला होता. पण सोबत मोजणीचा नकाशा नाही, मोजणी फी भरलेली नाही, अंदाजपत्रकात तरतूद नाही, म्हणून तो दीड महिन्यात परतही आला होता. ज्यांच्या टेबलावर आला त्यांची बदली झाली, नवे आले त्यांना कपाटात काय आहे ते माहीत नाही. "वर गेलाय" म्हणणारा माणूस खोटं बोलत नव्हता, एवढाच त्याचा गुण. परत आल्याचं कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. दरम्यान सर्वसाधारण सभेने वाडी संपादित करण्याचा एकमताने ठराव केला. आम्ही पेढे वाटले. त्या ठरावापुढे पैशाची तरतूद शून्य होती, हे पेढे वाटताना कुणाच्या लक्षात आलं नाही.

बारा महिने सरले आणि वारस उच्च न्यायालयात गेले. पालिकेच्या वकिलांचा भर एकाच गोष्टीवर, 'पालिकेने संपादनासाठी पत्र पाठवलं होतं.' पण गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००७ सालीच सांगून ठेवलंय की ठराव करणं, प्रस्ताव धाडणं ही 'पावलं' नव्हेत. खरोखर संपादन सुरू होईल असं काहीतरी मुदतीत व्हावं लागतं. आम्हालाही ऐकून घ्या म्हणून आम्ही हस्तक्षेप अर्ज केला, पण मुदत टळल्यावर आमच्या तीन हजार सह्यांचं (आमच्याही तेवढ्याच होत्या, योगायोग) न्यायालयाने काय करायचं?

आता माझी मतं. ती पटली नाहीत तर सोडून द्या.

वारसांना खलनायक करू नका. त्यांची जागा वर्षानुवर्षं अडकून पडलेली असते. बांधता येत नाही, धड विकता येत नाही, कर मात्र भरायचा. पहिली बैठक त्यांच्याबरोबर करा, पत्रकार न नेता. कलम १२६ मध्ये जागा घेण्याचे तीन रस्ते आहेत. समझोत्याने पैसे देऊन, टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा चटईक्षेत्र (जादा बांधकामाची परवानगी) देऊन, किंवा सक्तीच्या संपादनाने. तिसरा २०१३ च्या भूसंपादन कायद्यानंतर फार महाग झाला. त्यात बाजारभावावर १०० टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते, लहान पालिकांना ते झेपत नाही. टीडीआरला तिजोरीतून पैसा लागत नाही, म्हणून आधी तो विषय काढा. अर्थात तुमच्याकडे टीडीआरला गिऱ्हाईक नसेल तर वारस नाही म्हणतील, आणि त्यांचं चुकणार नाही. वारस दहा-बारा असतील आणि आपसात दावे असतील तर मात्र हे सगळं लांबतं. तिथे माझा अनुभव चालणार नाही.

माहिती अधिकारात 'का केलं नाही' असं विचारू नका, गोल उत्तर येतं. कागद मागा. त्या गट किंवा सिटी सर्व्हे नंबरसाठी कलम १२७ खाली आलेल्या नोटिशीची प्रत, आवक नोंदवहीचं पान, फाइलवरच्या टिपण्या, आणि प्रस्ताव गेला असेल तर जावक क्रमांक व परत आल्याचं पत्र. शिवाय फाइल प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा, तो हक्क कायद्यातच आहे. उत्तराला ३० दिवस लागतात, म्हणून आजच अर्ज टाका आणि उद्या स्वतः आवक शाखेत जाऊन विचारा.

'ऐतिहासिक' या शब्दावरही फार भिस्त ठेवू नका. बारव वारसा यादीत किंवा पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत नसेल, तर ऐतिहासिक हा फक्त आपला शब्द आहे. यादीसाठी अर्ज जरूर करा, पण त्यासाठी थांबू नका. झाडांचं मात्र लगेच करा. शहरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाच्या राज्य कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षं आणि त्याहून जुनी झाडं 'प्राचीन वृक्ष' ठरतात, त्यामुळे प्रत्येक झाडाचा घेर मोजून, क्रमांक देऊन, फोटोसकट यादी पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला द्या आणि पोच घ्या. आम्ही ही यादी दिली होती आणि तेवढीच कामी आली.

कुणी म्हणालं की तुम्ही मालक नाही, तुमचा संबंध काय, तर घाबरू नका. उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याविरुद्ध बेंगळुरूचे रहिवासी लढले, तेव्हा त्यांना दाद मागायचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच मान्य केलंय. पण ती जागा खासगी नव्हती, हा फरक वकिलाकडून नीट समजून घ्या.

आमच्या वाडीचं विचाराल तर तिथे इमारती झाल्या. मोठ्या रेखांकनात (जागेच्या बांधकाम आखणीत) १० टक्के खुली जागा सोडावी लागते. ती बारवेभोवती सोडा म्हणून विकसकाच्या मागे लागलो, त्यांनी ऐकलं. बारव आणि अकरा झाडं वाचली. पण ती खुली जागा तिथल्या रहिवाशांची, गावाची नव्हे. फाटकावर वही आहे, त्यात नाव आणि येण्याचं कारण लिहावं लागतं. कारणाच्या रकान्यात मी दर वेळी 'बारव' लिहितो, आणि पहारेकरी दर वेळी कितवा मजला म्हणून विचारतो.

तुमचा आराखडा कधी अमलात आला आणि नोटीस आली असेल तर कुठल्या तारखेला, एवढं कळलं की इथेच लिहा. किती महिने हातात आहेत ते मोजू, मग पुढचं बोलू.